२८ दिवसांची परीक्षा, शंभर वर्षांची इमारत

स्लॅबचा दिवस आहे. मिक्सरचा ट्रक मागे मागे येत उभा राहतो, ड्रम गरगरतोय, पन्हळीतून पहिला माल खाली येतो. येतो म्हणजे, यायचं नाव घेत नाही. वरून हाळी येते, 'माल घट्ट आहे, पाणी सोड!' कुणीतरी पाइप उचलून ड्रमच्या तोंडाशी धरतं. किती पाणी सोडलं? मोजतंय कोण! नजरेला बरं वाटेपर्यंत. दोन मिनिटांत माल झुळझुळ वाहू लागतो, फावडी सरसर फिरतात, सगळे खूश. त्या दोन मिनिटांत इमारतीच्या आयुष्यातली काही दशकं वाहून गेली, हे मात्र पुढची वीसेक वर्षं कुणालाही कळणार नसतं.

काँक्रीटचा आणि पर्यावरणाचा विषय निघाला की सगळ्यांची बोटं सिमेंटच्या कारखान्याकडे वळतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. माझं म्हणणं असं की धुराड्याइतकीच चर्चा त्या पाइपची व्हायला हवी. सिमेंट बनताना जे नुकसान होतं ते होतंच; पण त्या नुकसानाच्या बदल्यात आपण जे मिळवतो, ते अर्ध्या आयुष्यात मोडीत काढण्याची व्यवस्था आपणच लावून ठेवली आहे. आणि ती व्यवस्था कुणा गुन्हेगाराची नाही, नियमात बसणारी आहे.

आधी कारखान्याचं बघू. चुनखडी आणि थोडी चिकणमाती बारीक दळून एका लांबलचक, किंचित कललेल्या, सावकाश फिरणाऱ्या भट्टीत सोडतात. सुमारे ९०० अंश सेल्सियसला चुनखडी फुटते: तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, चुना मागे राहतो. शुद्ध चुनखडीचं ४४ टक्के वजन असं हवेत जातं. पुढे १४५० अंशांच्या आसपास हा चुना मातीतल्या सिलिकाशी जुळतो आणि काळपट करड्या गोट्या तयार होतात. हा क्लिंकर. तो झटकन थंड करायचा, थोडं जिप्सम टाकून दळायचा, की झालं सिमेंट. जिप्सम नसेल तर पाणी लागताक्षणी माल आवळून बसेल, ओतायला उसंतच मिळणार नाही.

या सगळ्यात गोची अशी की सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी साधारण ६० टक्के कार्बन इंधनातून येतच नाही, तो दगडातून येतो. उद्या भट्टी कोळसा सोडून निव्वळ उन्हावर चालवली तरी चुनखडी फुटणार आणि वायू सुटणारच. जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी टन सिमेंट बनतं आणि माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या या धंद्याचा असतो. हे आकडे वाचले की 'काँक्रीट बंद करा' म्हणावंसं वाटतं. मलाही वाटायचं.

पण किलोला किलो तोलून पाहिलं तर काँक्रीट काही फार वाईट ठरत नाही. त्यात सिमेंट असतं दहा-पंधरा टक्के; बाकी खडी, वाळू आणि पाणी. त्याच वजनाचं पोलाद कितीतरी पटीने जास्त कार्बन खातं. काँक्रीटचा दोष त्याच्या स्वभावात नाही, त्याच्या पसाऱ्यात आहे. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त वापरतो ते हेच. पाया, धरण, पूल, बोगदा, सांडपाण्याची वाहिनी यांच्यासाठी एवढ्या प्रमाणात मिळणारा, कुठल्याही साच्यात बसणारा, आगीत न जळणारा, पाण्यात न कुजणारा दुसरा माल अजून सापडलेला नाही. लाकडाने काही इमारती होतील, व्हाव्यातही. पण धरणाचा पाया लाकडाचा होणार नाही.

मग मार्ग उरतात तीन. काँक्रीटमध्ये सिमेंट कमी घालायचं, इमारतीत काँक्रीट कमी घालायचं, किंवा जे घातलं ते जास्त वर्षं टिकवायचं. पहिल्या दोघांवर परिषदा भरतात. तिसऱ्यावर कुणी बोलत नाही, कारण त्यात नवीन शोध नाही, विकायला काही नाही आणि उद्घाटनाची फीतही नाही. हिशेब मात्र शाळकरी आहे: पन्नास वर्षांत पाडावी लागणारी इमारत शंभर वर्षं टिकली तर तिच्या सिमेंटचा दरवर्षीचा बोजा निम्मा झाला.

आता पुन्हा त्या पाइपकडे. पन्नास किलोच्या एका गोणीला समजा साडेबावीस लिटर पाणी ठरलेलं आहे. पाणी भागिले सिमेंट, ०.४५. गोणीमागे पाच लिटर जादा गेलं की तो आकडा ०.५५ होतो आणि ताकद जवळपास पाचव्या हिश्शाने घसरते. ही गोष्ट आजची नाही. डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ मध्येच दाखवून दिलं होतं की नीट दाबून बसवलेल्या काँक्रीटची ताकद मुख्यतः या एका गुणोत्तरावर ठरते. शंभराहून जास्त वर्षं झाली. जगातला प्रत्येक स्थापत्य अभियंता हे शिकून बाहेर पडतो, आणि त्यातले कितीतरी पाइप दिसला की दुसरीकडे बघतात.

आणि ताकद हा त्यातल्या त्यात लहान तोटा. सिमेंटला स्वतःच्या रासायनिक कामासाठी यातलं साधारण निम्मंच पाणी लागतं. उरलेलं पाणी आत जागा अडवून बसतं आणि यथावकाश सुकून निघून जातं. जाताना त्याची वाट मागे राहते, केसापेक्षा कितीतरी बारीक अशा नळ्यांची. काँक्रीट सतत ओलं ठेवलं तर सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया चालू राहते आणि तिच्यातून तयार होणारं जेल या नळ्या बुजवत जातं. टी. सी. पॉवर्स हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये या बुजण्याला किती वेळ लागतो ते मांडलं. गुणोत्तर ०.४५ असेल तर सात दिवस ओलं ठेवलं की नळ्यांचे धागे तुटतात, आरपार वाट उरत नाही. ०.५० असेल तर चौदा दिवस. ०.६० असेल तर सहा महिने. ०.७० ला एक वर्ष. त्याच्या पुढे गेलात तर कितीही पाणी मारा, वाट बंद होतच नाही.

ही आकडेवारी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला जरा क्रूर वाटली होती. पाइपमधून दोन मिनिटांत सोडलेलं पाणी भरून काढायला सहा महिने पाणी मारत बसायचं, आणि आपण मारतो किती? स्लॅबवर कडेने मातीची किंवा सिमेंट-वाळूच्या मसाल्याची पाळी घालून पाणी साठवतात, ते तरी बरं. कॉलमचं काय? उभ्या अंगावर पाणी ठरत नाही. गोणपाट गुंडाळायचं, ते दिवसातून चार वेळा भिजवायचं, हे काम रटाळ आहे आणि ते कुणाच्या नावावर नसतं. तिसऱ्या दिवशी गोणपाट सुकलेलं, पाचव्या दिवशी दुसऱ्याच कॉलमवर गेलेलं. आणि सगळ्या इमारतीचं ओझं त्या कॉलमवर.

इथे कुणी म्हणेल की तपासणी असतेच की. असते ना. आणि माझा खरा राग त्या तपासणीवर आहे.

काँक्रीट ओतताना थोडा माल वेगळा काढून १५ सेंटीमीटरच्या लोखंडी साच्यात भरतात. थराथराने, नीट ठोकून. दुसऱ्या दिवशी साचा उघडून तो ठोकळा, म्हणजे क्यूब, पाण्याच्या टाकीत ठेवतात. पाण्याचं तापमान ठरलेलं. अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर काढून यंत्रात चिरडतात आणि जो आकडा येतो तो इमारतीचा आकडा म्हणून फायलीत जातो. पण हा क्यूब त्या घरातला लाडावलेला एकुलता एक! अठ्ठावीस दिवस गार पाण्यात डुंबलेला, एकही दिवस ऊन न पाहिलेला. त्याच मालाचा कॉलम बाहेर उन्हात तडकत उभा. परीक्षा क्यूबने द्यायची आणि प्रगतिपुस्तक कॉलमच्या हाती ठेवायचं, असा हा प्रकार. क्यूब खोटं बोलत नाही. ट्रकमधून आलेला माल काय होऊ शकला असता, एवढंच तो सांगतो. त्याचं काय झालं हे विचारायला कुणी जातच नाही. आणि पाइपने पाणी सोडण्याआधीच क्यूब भरून घेतला असेल, तर मग बोलायलाच नको.

शिवाय क्यूब मोजतो ती दाब सोसण्याची ताकद. आणि इमारती सहसा दाबाखाली मरत नाहीत, त्या गंजून मरतात.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. काँक्रीट दाबाला बळकट, पण ताणाला अगदीच लेचंपेचं. दाबाच्या दहाव्या हिश्शाइतकाच ताण सोसतं. म्हणून आत सळई. ही जोडी जमली त्याला नशीबही कारण आहे: उन्हाने पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारखंच फुगतं, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात दोघांचं फाटलं असतं. दुसरं नशीब असं की ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, सामू साडेबाराच्या पुढे. त्या वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म कवच धरतं आणि गंज चढत नाही. रोमचं पँथिऑन दोन हजार वर्षं उभं आहे, मग तुमचं काँक्रीट चाळीस वर्षांत का ढासळतं, असा टोमणा नेहमी मारला जातो. त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. पँथिऑनच्या ४३ मीटरच्या घुमटात सळईच नाही. गंजायला काही नाही. (आणि रोमनांनी बांधलेलं जे पडलं, ते बघायला आज कोण तिकीट काढतंय?)

तर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या बारीक नळ्यांतून आत शिरतो आणि अल्क मारत मारत पुढे सरकतो. गंमत बघा, भट्टीत चुनखडीतून जो वायू हाकलला तोच परत येऊन चुन्याची पुन्हा चुनखडी करतो. तो सळईपर्यंत पोहोचला की कवच विरतं, ओल मिळाली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. तो आतून रेटतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो, पोपडा निघतो, आणि मग पाण्याला राजरस्ताच मिळतो. समुद्राकाठी हेच काम मीठ आणखी लवकर करतं.

हा वायू किती वेगाने सरकतो? काळाच्या वर्गमुळाने. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत दहा मिलिमीटर आत गेला असेल तर वीस मिलिमीटर जायला चाळीस वर्षं लागतील, तीस जायला नव्वद, चाळीस जायला एकशे साठ. सळईवर काँक्रीटचा जो थर असतो, ज्याला सगळेच 'कव्हर' म्हणतात, तो दुप्पट केला की आयुष्य चौपट. मला तर बांधकामशास्त्रात याच्याइतका स्वस्त सौदा दुसरा माहीत नाही. पण हाच नियम उलटाही चालतो. सळईखाली ठेवलेला मसाल्याचा छोटा ठोकळा, तो कव्हर ब्लॉक, कुणाच्या पायाने सरकला आणि वीसचं कव्हर दहावर आलं, की चाळीस वर्षांची दहा झाली. ओतताना सळ्यांच्या जाळीवरून माणसं चालत असतात. कोपऱ्यातला एक ठोकळा निसटला तर कुणाला दिसणार? वरून काँक्रीट पडलं की झाकली मूठ.

ती मूठ उघडायची एक साधी युक्ती आहे. जुन्या काँक्रीटचा तुकडा ताजा फोडायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं, शाळेच्या प्रयोगशाळेतलंच. जिथे अल्क शाबूत आहे तिथे डोळ्यांत भरेल असा गडद गुलाबी रंग येतो. जिथे हवा पोहोचली आहे तिथे काहीच होत नाही, करडं ते करडंच. तुकड्याच्या कडेला तो बिनरंगी पट्टा दिसतो आणि पट्टीने मोजता येतो. पट्टा अठरा मिलिमीटर, सळई बाविसावर: अजून वेळ आहे. पट्टा अठरा, सळई पंधरावर: उशीर झाला. एवढी स्वस्त, एवढी स्पष्ट चाचणी, आणि ती आपण करतो कधी? छताचा पोपडा डोक्यात पडल्यावर.

आता त्या नव्या, हिरव्या म्हणवल्या जाणाऱ्या सिमेंटांबद्दल. औष्णिक वीजकेंद्राची राख, लोखंडाच्या झोतभट्टीची मळी (स्लॅग), भाजलेली चिकणमाती हे सगळं क्लिंकरच्या जागी घालता येतं. भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी मिळून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसीथ्री नावाचं सिमेंट आहे. त्यात कार्बन तीस-चाळीस टक्क्यांनी वाचतो. मी याच्या बाजूचा आहे. पण त्याच्या प्रचारात एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते. क्लिंकर कमी म्हणजे आतला अल्काचा साठाही कमी. नळ्या नीट बुजल्या नाहीत तर हवा लवकर आत जाते. आणि राख-मळीची सिमेंटं आपलं काम सावकाश करतात, त्यांना पाणी जास्त दिवस लागतं. नीट भिजवली तर ती साध्या सिमेंटपेक्षा घट्ट होतात, मिठाला जास्त दाद देत नाहीत. तिसऱ्या दिवशी गोणपाट काढलं तर मात्र साध्यापेक्षा वाईट. म्हणजे कारखान्यात वाचवलेला कार्बन साइटवर पुन्हा उधळायचा, आणि वर नाव बदनाम व्हायचं नव्या सिमेंटचं.

पाइप उचलणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, हेही सांगून टाकतो. त्याची तक्रार खरी असते. घट्ट माल दाट सळ्यांमधून खाली उतरत नाही, आत पोकळ्या राहतात, आणि त्या पोकळ्या जादा पाण्याइतक्याच घातक. ट्रक वाहतुकीत अडकला, माल आळला, तर त्याने करायचं काय? पाणी न वाढवता माल पातळ करणारी रसायनं १९६० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. साइटवर त्यांना नुसतं 'केमिकल' म्हणतात. ते केमिकल किती घालायचं, ट्रकला उशीर झाला तर काय करायचं, हे आदल्या दिवशी ठरवायचं काम ज्याचं होतं त्याने ते केलं नाही, म्हणून पाइप त्या माणसाच्या हातात आला.

मूळ दुखणं असं की काँक्रीट बिघडवणाऱ्याला बिघाड बघावा लागत नाही. काम हातावेगळं होतं, क्यूबचे आकडे जुळतात, बिल निघतं. तडे जातात पंचवीस वर्षांनी, आणि तेव्हा राहणारे वेगळे असतात, कधीकधी बांधणारी कंपनीही उरलेली नसते. फ्रान्सने १९७८ च्या कायद्याने बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी आणि तिचा विमा सक्तीचा केला. विमा कंपनीचा पैसा अडकला की तपासणी आपोआप कडक होते, हे त्यातलं शहाणपण. तरी वर्गमुळाचा हिशेब आठवा: दहा वर्षांत हवा सळईच्या अर्ध्या वाटेवर असते. इटलीत जिनोआचा मोरांडी पूल १९६७ मध्ये खुला झाला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला, ४३ माणसं गेली. त्याच्या तणावाच्या पोलादी तारा काँक्रीटच्या वेष्टनात बंद होत्या. बाहेरून बघणाऱ्याला काँक्रीट दिसायचं, तार दिसायची नाही. एकावन्न वर्षांनंतर कोणत्या हमीची मुदत शिल्लक असते?

म्हणून मला हवं ते फार साधं आहे. इमारत ताब्यात देण्याआधी कव्हर मीटर फिरवून प्रत्येक कॉलमवर सळई किती खोल आहे ते मोजा. यंत्र हातात मावतं, काँक्रीट फोडावं लागत नाही. ते आकडे मालकाला कागदावर द्या. पाणी मारणं हे कंत्राटात वेगळं कलम करा, त्याचे वेगळे पैसे द्या आणि झालं नाही तर ते कापा. फुकटात धरलेलं काम फुकटातच जातं. राख-मळीच्या सिमेंटला अठ्ठावीसऐवजी छप्पन्न किंवा नव्वद दिवसांनी तपासा, म्हणजे घाईघाईने ताकद दाखवण्यासाठी जादा सिमेंट कोंबावं लागणार नाही. आणि ट्रकच्या पावतीवर, कारखान्यातून निघाल्यानंतर घातलेल्या पाण्याचा रकाना ठेवा, सहीसकट.

खर्च वाढेल, ही ओरड होणार. वाढेल, पण इमारतीच्या मानाने चिमूटभर. जास्त वजनदार आक्षेप दुसरा आहे: इमारती गंजून पडतात त्याआधीच जमिनीचा भाव वाढला म्हणून पाडल्या जातात, मग शंभर वर्षं टिकवून करायचं काय? हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. पण पाडायचं की ठेवायचं हा प्रश्न विचारायला तरी इमारत धड असावी लागते. खचलेल्या कॉलमपुढे तो निर्णय आधीच झालेला असतो. आणि पूल, धरणं, पाण्याच्या टाक्या, बोगदे कुणी जमिनीच्या भावासाठी पाडत नाही. तिथे काँक्रीट म्हातारं होतं ते फक्त आपल्या हातून.

पुढच्या वेळी एखाद्या बांधकामाजवळून जाल तेव्हा स्लॅबकडे बघू नका, तिथे पाणी साठवलेलं असेलच. नुकताच साचा उघडलेला कॉलम शोधा. त्याचं गोणपाट ओलं आहे का, तेवढं बघा.